चला शिकूया : झेरॉक्स मशीनची भाषा



गटाचं कोणतंही काम घ्या, शेवटी ते कागदावर येतं. कर्जाचा प्रस्ताव, बैठकीचा ठराव, सभासदांची यादी, आधारची प्रत, पासबुकाचं पहिलं पान. हे सगळं गटातून ग्रामसंघात, ग्रामसंघातून प्रभागसंघात आणि तिथून बँकेत जातं. काही कागद हातानं जातात, काही फोनवरून किंवा ईमेलवरून. पण मधे कुठेतरी एक मशीन असतंच. तिथे अडलं की आपण म्हणतो, "दादा, जरा बघा ना." दादा दोन बटणं दाबतात, काम होतं, आणि काय झालं ते आपल्याला कळत नाही.

मग कधीतरी बँकेतून फोन येतो, "ताई, तुमचा स्कॅन वाचता येत नाही. ३०० डीपीआयवर पीडीएफ करा आणि दोन एमबीच्या आत पाठवा." या एका वाक्यात चार शब्द अडतात. कोणाला विचारायचं यात दिवस जातात आणि प्रस्ताव मागे पडतो. पेरणीच्या तोंडावर आठ दिवस उशीर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून या अंकात मशीनचे शब्द शिकूया. पाठ करायचे नाहीत. आपल्या गटाची कर्जाची फाईल मशीनवर ठेवल्यापासून बँकेत पोचेपर्यंत कुठून कुठे जाते ते बघत जाऊ. वाटेत जो शब्द भेटेल तो समजून घेऊ.

१. मशीनचं नाव आणि काम

'झेरॉक्स' हे खरं तर एका कंपनीचं नाव आहे. अमेरिकेत चेस्टर कार्लसन नावाचे गृहस्थ पेटंटच्या कागदांचं काम करायचे. हातानं नकला करून ते कंटाळले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्यांनी कोरड्या पावडरीनं पहिली नक्कल उतरवली. या पद्धतीला झेरोग्राफी नाव पडलं. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडं, म्हणून कोरडं लेखन. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे मशीन बाजारात आलं आणि पुढे नक्कल काढण्यालाच आपण झेरॉक्स म्हणायला लागलो.

हे चालतं कसं? कोरड्या केसांवरून कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे चिकटतात. तीच ही स्थिर वीज. मशीनमध्ये 'ड्रम' नावाची नळी असते. मजकुराच्या आकारात तिच्यावर वीज राहते, तिथे काळी पावडर चिकटते. ही पावडर म्हणजे 'टोनर'. मग ती कागदावर उतरते आणि 'फ्युजर' नावाचा गरम रोलर तिला वितळवून कागदावर पक्की करतो. नुकतीच निघालेली प्रत हाताला गरम लागते ती यामुळेच.

यातून कामाच्या तीन गोष्टी कळतात. पावसाळ्यात कागद दमट झाला की तो अडकतो आणि छपाई फिकट येते, म्हणून कागदाचा गठ्ठा वेष्टनातच बांधून ठेवायचा. साधं प्लास्टिक या मशीनमध्ये घालायचं नाही, ते फ्युजरमध्ये वितळतं. आणि टोनर साडीवर सांडला तर आधी झटकायचा, मग गार पाण्यानं धुवायचा. गरम पाण्यानं तो कापडात पक्का बसतो.

आपल्या कार्यालयात बहुतेक वेळा एकच मशीन झेरॉक्स, प्रिंट आणि स्कॅन अशी तिन्ही कामं करतं. कागदावरून कागदावर म्हणजे झेरॉक्स. संगणक किंवा फोनमधून कागदावर म्हणजे प्रिंट. कागदावरून संगणकात किंवा फोनमध्ये म्हणजे स्कॅन. मशीनजवळ गेल्यावर यातलं कोणतं काम हवंय, हे आधी स्वतःशी ठरवा.

२. कागद आत जाताना

कागद ठेवायच्या दोन जागा असतात. झाकण उघडल्यावर मोठी काच दिसते ती एक. दुसरी जागा झाकणाच्या वर. तिथे गठ्ठा ठेवला की मशीन एकेक पान आपोआप ओढतं. तिला 'एडीएफ' म्हणतात. वीस पानांचं इतिवृत्त असेल तर एडीएफ बरं. पण जुना स्टँप पेपर, फाटकं रेशनकार्ड, पासबुक, पिन मारलेले किंवा चिकटवलेले कागद तिथे कधीच घालू नका. मूळ कागद आत फाटला तर तो परत मिळवायला किती खेपा घालाव्या लागतात, ते आपण जाणतोच. असे कागद काचेवरच ठेवायचे.

प्रतीवर वरून खालपर्यंत उभी काळी रेघ येते का? तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून बघा. तिथे रेघ नाही आली, तर एडीएफसाठी बाजूला जी काचेची अरुंद पट्टी असते तिच्यावर डाग आहे. मऊ कापड किंचित ओलं करून पुसा. यासाठी मेकॅनिक बोलवायची गरज नाही.

कागदाचा आकार नीट सांगायचा. 'ए-फोर' म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आपला नेहमीचा. 'लीगल' त्याहून लांब, साडेआठ बाय चौदा इंच. लांब कागद ए-फोरवर काढला तर खालची ओळ कापली जाते, आणि नेमक्या सह्या-अंगठे खालीच असतात. लीगल कागद नसेल तर 'फिट टू पेज' निवडा. मजकूर थोडा लहान होईल, पण सगळा येईल.

'डुप्लेक्स' म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई. 'कोलेट' म्हणजे संच लावून छपाई. पाच पानांच्या प्रस्तावाच्या तीन प्रती हव्यात आणि कोलेट चालू असेल, तर एक ते पाच, पुन्हा एक ते पाच असे तयार संच मिळतात. बंद असेल तर पहिलं पान तीनदा, दुसरं तीनदा असे येतात आणि आपण जमिनीवर बसून जुळवत राहतो.

कागद अडकला तर त्याला 'पेपर जॅम' म्हणतात. घाई करू नका. मशीन बंद करा, झाकण उघडा आणि कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेनं चालला होता त्या दिशेनं हळू ओढा. आतला फ्युजर तापलेला असतो, त्याला हात लावू नका.

३. कागदाचा फोटो होताना

आता बँकेच्या त्या वाक्याकडे येऊ.

'डीपीआय' म्हणजे एका इंचात किती ठिपके. रांगोळीचं उदाहरण घ्या. त्याच जागेत ठिपके कमी असतील तर नक्षी ढोबळ येते, जास्त असतील तर बारीक येते. स्कॅनचंही तसंच. १०० डीपीआयवर अंगठ्याच्या रेषा आणि फिका शिक्का पुसट होतो. ३०० वर बहुतेक कागद स्वच्छ वाचता येतात. मग ६०० का नको? कारण डीपीआय दुप्पट केला की ठिपके चौपट होतात, आडवेही दुप्पट आणि उभेही दुप्पट. फाईल जड होते आणि पाठवताना अडते.

हे फाईलचं वजन 'केबी' आणि 'एमबी'मध्ये मोजतात. साधारण हजार केबी म्हणजे एक एमबी. ग्रॅम आणि किलोसारखंच समजा. फॉर्मवर '२०० केबीपर्यंत' लिहिलं असेल आणि तुमची फाईल दोन एमबीची असेल, तर ती दहापट जड आहे. अशा वेळी डीपीआय थोडा कमी करा किंवा रंगीतऐवजी 'ग्रे' निवडा.

रंगाचे पर्याय तीन असतात. 'कलर', 'ग्रे' म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या सगळ्या छटा, आणि 'ब्लॅक अँड व्हाईट' म्हणजे फक्त काळं नाहीतर पांढरं. तिसऱ्यात फाईल सगळ्यात हलकी होते, पण फिका निळा शिक्का त्यात गायबच होऊ शकतो. ठरावावर ग्रामसंघाचा शिक्का असेल तर ग्रे किंवा कलर वापरा आणि पाठवण्याआधी फाईल उघडून शिक्का दिसतोय का ते बघा.

'जेपीजी' म्हणजे एकेका पानाचा फोटो. 'पीडीएफ' म्हणजे अनेक पानं क्रमानं शिवलेली वही. १९९३ पासून ही पद्धत आहे आणि तिचा मोठा गुण असा, की पान जसं बनवलं तसंच ते दुसऱ्याच्या संगणकावर दिसतं. मराठीसाठी हे फार कामाचं आहे. टायपिंगच्या दुकानात ठराव 'श्री-लिपी'सारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप करतात. तीच फाईल पेन ड्राईव्हवर आणून दुसरीकडे उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून दुकानातून निघतानाच सांगायचं, "दादा, याची पीडीएफपण करून द्या." आणि पुढच्या वेळी "युनिकोडमध्ये टाईप करा" असं सांगायचं. युनिकोड मराठी कुठेही मराठीच दिसतं.

एक फोनची गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो हलका करण्यासाठी दाबला जातो आणि बारीक अक्षर फुटतं. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा पोचतो.

४. संगणक आणि मशीन बोलतात कसे

कागद संगणकात आला. आता त्याची प्रिंट काढायची आहे आणि मशीन म्हणतंय 'ऑफलाईन'. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

संगणक आणि प्रिंटर एका वायरनं जोडलेले असतील तर ते 'यूएसबी'. दोघांचाच खासगी रस्ता. पण कार्यालयात दोन संगणक आणि एक प्रिंटर असेल तर सगळ्यांना एका जाळ्यात घ्यावं लागतं. हे जाळं म्हणजे 'नेटवर्क'. मधला चौक म्हणजे 'राउटर'. चौकापर्यंत वायर टाकली तर 'लॅन', वायर नसेल तर 'वाय-फाय'.

इथे बहुतेकींचा एक गोंधळ असतो. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय हा आपल्या कार्यालयातला अंतर्गत रस्ता आहे, इंटरनेट हा गावाबाहेर जाणारा. बाहेरचा रस्ता बंद असला, म्हणजे नेट गेलेलं असलं, तरी राउटर चालू आहे आणि संगणक व प्रिंटर दोन्ही त्याला जोडलेले आहेत तोवर प्रिंट निघते. त्यामुळे "नेट नाही, उद्या या" असं कोणी म्हणालं, आणि फाईल आधीच संगणकात असेल, तर एकदा काढून बघायला सांगा. ईमेल पाठवायला मात्र नेट लागतंच.

जाळ्यातल्या प्रत्येक मशीनला घर क्रमांक असतो, तो 'आयपी अ‍ॅड्रेस'. चार आकडे, मधे टिंबं, १९२.१६८.१.५ असं काहीतरी. हे क्रमांक राउटर वाटतो. आपल्याकडे वीज गेली-आली की राउटर नव्यानं सुरू होतो आणि कधी कधी प्रिंटरला वेगळाच क्रमांक देतो. संगणक मात्र जुन्याच घराचं दार वाजवत बसतो. प्रिंटर समोर चालू दिसतो, तरी पडद्यावर 'ऑफलाईन' येतं, त्याचं हे एक नेहमीचं कारण. मशीन बसवायला येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, "प्रिंटरचा आयपी कायमचा ठरवून द्या." याला 'स्टॅटिक आयपी' म्हणतात. तो क्रमांक कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेवा.

'ड्रायव्हर' म्हणजे दुभाषी. संगणकाची भाषा प्रिंटरला समजावून सांगणारा छोटा प्रोग्राम. प्रत्येक मॉडेलचा दुभाषी वेगळा. चुकीचा बसवला तर प्रिंट निघतच नाही, नाहीतर पानभर निरर्थक चिन्हं येतात.

'क्यू' म्हणजे रांग. रेशन दुकानासारखीच. पुढचीचं काम अडलं की मागच्या सगळ्या थांबतात. आपण काय करतो? प्रिंट आली नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबतो. रांगेत एकाच कामाची पाच नावं लागतात आणि कागद घातल्याबरोबर पाच प्रती बाहेर पडतात. त्याऐवजी संगणकावर रांग उघडायची, अडलेलं पहिलं काम 'कॅन्सल' करायचं.

ऑफलाईन दिसलं की हा क्रम ठेवा. आधी प्रिंटर चालू आहे का, कागद आहे का. मग राउटरचा दिवा. मग रांग. मग आयपी. मेकॅनिकला फोन या चार गोष्टी बघून झाल्यावर.

५. मशीनला आठवण असते

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे कागद आपले नसतात. गावातल्या बायांनी विश्वासानं आपल्याकडे दिलेले असतात.

मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये 'हार्ड डिस्क' असू शकते. स्कॅन किंवा कॉपी केलेली पानं तिच्यात साठून राहू शकतात. २०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीनं वापरलेली जुनी मशीनं विकत घेऊन तपासली. एकात न्यूयॉर्कच्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेकडच्या लोकांची वैद्यकीय माहिती निघाली. मशीन भाड्याचं होतं आणि परत करताना डिस्क पुसलेली नव्हती. २०१३ मध्ये त्या संस्थेला १२ लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरायचं मान्य करावं लागलं.

आपल्या कार्यालयातलं छोटं मशीन बहुधा इतकं साठवत नाही. तरी विकताना, बदलताना किंवा भाड्याचं परत करताना विचारायचंच, "यात हार्ड डिस्क आहे का? असेल तर पुसून द्या आणि तसं लिहून द्या." हा ठराव प्रभागसंघाच्या बैठकीत घेऊन ठेवावा.

रोजच्या कामात धोका जास्त जवळचा आहे. काचेवर विसरलेलं मूळ आधार. खराब निघाली म्हणून टोपलीत टाकलेली पासबुकाची प्रत. बाहेरच्या दुकानातल्या संगणकात राहून गेलेली फाईल. म्हणून चार सवयी लावून घेऊ.

• निघताना झाकण उघडून काच बघायची.
• खराब प्रत बारीक फाडूनच टाकायची.
• दुकानात फाईल पाठवून प्रिंट काढली, तर समोर उभं राहून ती पुसायला लावायची. 'डाउनलोड' आणि 'रिसायकल बिन' दोन्हीकडून.
• प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची. उदाहरणार्थ, 'फक्त गटाच्या बँक कर्जासाठी'. आकडे झाकले जाणार नाहीत अशा बेतानं.

जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथे 'मास्क्ड आधार' द्या. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते काढता येतं. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. बँकेत कोणतं चालेल ते आधी विचारून घ्या.

नेटवर्कवरच्या प्रिंटरला पासवर्डही असतो. कंपनीनं दिलेला पासवर्ड सोपा असू शकतो, तो पहिल्या दिवशी बदला. नवा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींकडे असू द्या. एकाच माणसाकडे असला की तो रजेवर गेल्यावर कार्यालय बंद.

६. एका प्रतीचा हिशोब

काही गटांनी झेरॉक्सचा व्यवसाय सुरू केलाय, काहींचा विचार चाललाय. त्यांनी वही-पेन घ्यावं.

टोनरच्या खोक्यावर 'यील्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे किती पानं निघतील. पण तो आकडा पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा होईल असं धरून काढलेला असतो. म्हणजे थोड्या मजकुराचं मोकळं पान. आधारचा फोटो आणि चौकटींचे फॉर्म याहून बरेच काळे असतात.

समजा टोनर १,८०० रुपयांचा आणि यील्ड १,५०० पानांचा. भागाकार केला की एका पानाला १ रुपया २० पैसे. आपली पानं दुप्पट काळी असतील तर निम्मीच निघतील आणि खर्च २ रुपये ४० पैसे होईल. ५०० कागदांचा गठ्ठा ३०० रुपयांना धरला तर कागदाचे ६० पैसे. झाले ३ रुपये. वीज, दुरुस्ती, ड्रम आणि बसणाऱ्या ताईची मजुरी अजून धरलीच नाही. अशा वेळी शेजारच्या दुकानात २ रुपये दर आहे म्हणून आपणही २ रुपये ठेवले, तर गर्दी वाढेल तसा तोटा वाढेल. डुप्लेक्सनं कागद वाचतो, टोनर वाचत नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून मशीन घेताना फक्त मशीनची किंमत विचारू नका. हे प्रश्न विचारा. टोनर केवढ्याला आणि यील्ड किती? ड्रम वेगळा आहे का, किती पानांनी बदलायचा? महिन्याला किती पानं झेपतील? एडीएफ आणि डुप्लेक्स आहे का? दुरुस्तीला माणूस तालुक्यातून येतो की जिल्ह्यातून? तीन दुकानांचे दरपत्रक घ्या आणि ही उत्तरं एकाखाली एक लिहा. स्वस्त मशीन महाग कसं पडतं ते तिथेच दिसेल.

बैठकीत करून बघा

पुढच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटं या पाठासाठी ठेवा. एकीनं वाचावं, बाकीच्यांनी उत्तरं द्यावीत.

१. बँकेनं २०० केबीची मर्यादा दिली आहे आणि आपली फाईल ८०० केबीची आहे. किती पट जास्त? काय कराल?
२. ठरावावरचा निळा शिक्का स्कॅनमध्ये दिसत नाही. कोणता पर्याय बदलाल?
३. इंटरनेट बंद आहे, फाईल संगणकात आहे. प्रिंट निघेल का? का?
४. टोनर २,४०० रुपयांचा, यील्ड २,००० पानांचा. आपली पानं दुप्पट काळी असतील तर टोनरचा एका पानाला खर्च किती?
५. फाटकं रेशनकार्ड कुठे ठेवाल, काचेवर की एडीएफमध्ये?

त्यानंतर प्रत्येक गटातून दोघींनी प्रभागसंघाच्या कार्यालयात यावं. त्यातली एक तरी अशी असावी, जिनं मशीनला आजवर हात लावलेला नाही. येताना गटाचा एखादा ठराव आणा. तो तुम्हीच स्कॅन करायचा, पीडीएफ करायची, उघडून शिक्का बघायचा आणि पाठवायचा. लेखापाल ताई आणि मी बाजूला उभ्या राहू, पण बटण दाबणार नाही.

आपली सही आपण शिकलो तेव्हा अंगठ्याची शाई सुटली. आता आपले कागद आपल्या हातानं पाठवायला शिकूया.

तुमची,
क्षेत्र समन्वयक